मण्यार गरीब असते म्हणे!



पहिला पाऊस पडला की आपल्या पेण-रोह्याकडच्या बौद्धवाड्यांत एक चर्चा हमखास रंगते. कुणाच्या तरी पडवीत, नाहीतर विहाराच्या पायरीवर. कोणता साप रागीट आणि कोणता गरीब? नाग तापट, पण वाटेला गेलो नाही तर तो वाटेला येत नाही. घोणस आळशी, पण पेटली की कुकरसारखी शिट्टी मारते. फुरसे म्हणजे चिडका, एवढंसं असून अंगावर उडी घेतं. धामण गाईच्या पायाला वेढा घालून दूध पिते. आणि मण्यार? "ती बिचारी गरीब. काठीने हलवली तरी डोकं वेटोळ्यात खुपसून पडून राहते."

हे शेवटचे वाक्य मी म्हाताऱ्या माणसांकडून ऐकले आहे, कॉलेजात शिकणाऱ्या पोरांकडून ऐकले आहे आणि साप पकडणाऱ्यांकडूनही ऐकले आहे. गंमत अशी की ते खोटे नाही. दिवसा मण्यार खरोखरच तशी असते. पण आपल्या घरात ती येते रात्री. दिवसाउजेडी पाहिलेल्या सापाचा स्वभाव आपण रात्रीच्या सापालाही लावतो आणि निर्धास्त होऊन जमिनीवर अंथरूण टाकतो. माझे भांडण आहे ते या चर्चेशी. ती निरुपद्रवी गप्पांसारखी दिसते, पण तिच्यामुळे आपण नको त्या सापाला मारतो आणि ज्याची खबरदारी घ्यायची त्याची घेत नाही.

आधी जे रागीट म्हणून बदनाम आहेत त्यांच्याकडे पाहू.

नागाइतका सूचना देणारा साप दुसरा नाही. तो फणा काढतो, फुत्कारतो, जागच्या जागी डोलतो. पुष्कळदा तोंड मिटूनच धडक मारतो, म्हणजे चावल्याचे नुसते सोंग करतो. हे सगळे तो "लांब जा" हे सांगण्यासाठी करतो. वाट मिळाली की निघून जातो. घोणशीचेही तेच. ती जाड, सुस्त, पालापाचोळ्यात मिसळून जाणारी. तिच्या अंगावर साखळीसारख्या गडद ठिपक्यांच्या रांगा असतात. तिची शिट्टी चार हातांवरून ऐकू येते. मात्र ती एकदा चावली की लांब दातांनी भरपूर विष सोडते. सूज, रक्तस्राव आणि पुढे मूत्रपिंड निकामी, असा तिचा मार्ग. शिवाय ती अंडी घालत नाही, जिवंत पिल्ले देते. पावसाच्या तोंडाशी ही पिल्ले बाहेर पडतात आणि पिल्लाच्या दातांतही विष असते. अजगराचे पिल्लू समजून किंवा डुरक्या घोणस समजून तिला हाताने उचलणारे लोक आहेत. डुरक्या घोणस बिनविषारी. नाव सारखे, रंग जवळपास सारखा, आणि परिणाम मात्र एका ठिकाणी दोन मिनिटांची भीती तर दुसऱ्या ठिकाणी डायलिसिस.

फुरसे जेमतेम फूट-दीड फुटाचे. जांभ्या दगडाच्या फटीत, कातळावरच्या गवतात, लाकूडफाट्याखाली ते बसते. त्याच्या अंगावरचे खवले करवतीसारखे असतात. डिवचले की ते वेटोळे एकमेकांवर घासते आणि करकर असा आवाज येतो. इथवर तेसुद्धा सूचनाच देते. पण त्याची सूचना आणि त्याचा दंश यांत फार वेळ नसतो, आणि ते एकदा नव्हे तर लागोपाठ झेप घेते. चारही मुख्य विषारी सापांत "चिडका" हा शब्द कुणाला शोभत असेल तर फुरशाला. फाटी गोळा करणारे हात, दगड उचलणारे हात आणि अनवाणी पाय त्याच्या तावडीत सापडतात. ब्रिटिशांच्या काळात शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात फुरसे मारून आणणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे. लोकांनी ती ढिगाने मारली. आजही कोकणच्या कातळावर फुरसे आहेच.

आता बिनविषारी पाहा. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात वलगणीचे मासे पकडायला लोक रात्री बत्ती घेऊन शेतात उतरतात. तिथे भेटतो दिवड, काही जण त्याला विरोळा म्हणतात. पाण्यात राहणारा, मासे आणि बेडूक खाणारा. हाताला लागला तर असा कडकडून चावतो की रक्त काढतो. स्वभावाची शर्यत लावली तर नाग त्याच्या मागे राहील. पण त्याच्या चावण्यात विष नाही. धामणही तशीच. पकडायला गेलात तर फुगते, आवाज करते, चावते. विष नाही. ती गाईचे दूध पीत नाही, कुठलाच साप दूध पीत नाही. सापाचे तोंड ओढून पिण्यासारखे बनलेलेच नाही. धामण खाते उंदीर, आणि उंदीर म्हणजे नाग, घोणस, मण्यार यांना घराकडे घेऊन येणारे आमंत्रण. म्हणजे जी मंडळी धामण दिसली की काठी घेऊन धावतात, ती आपल्या वाडीचा फुकटचा पहारेकरी मारतात. नानेटी आणि गवत्या तर मुलांनी हातात धरले तरी सहसा चावत नाहीत, तरी तेही ठेचले जातात. हरणटोळ टाळू फोडतो हीही भाकडकथाच. तो माणसाच्या वाटेलाच जात नाही.

म्हणजे आपल्या काठीचा हिशोब असा निघतो. जो साप दिवसा दिसतो, लांब आणि मोठा असतो, आवाज करतो, तो मरतो. जो रात्री येतो, बोटाएवढा जाड असतो आणि आवाज करत नाही, तो आपल्याला दिसतही नाही.

तो न दिसणारा साप म्हणजे मण्यार. काळा-निळसर, चकचकीत, अंगावर पांढरे बारीक पट्टे. हे पट्टे बहुधा जोडी-जोडीने असतात. डोक्याजवळ ते अस्पष्ट आणि शेपटीकडे स्पष्ट. बिनविषारी कवड्याचे उलटे असते, त्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट. पण हा फरक मी सांगतोय तो चार भिंतींत, उजेडात बसून वाचण्यासाठी. रात्री दोन वाजता बॅटरीच्या उजेडात हा अभ्यास कुणी करू नये. तज्ज्ञ म्हणवणारेही इथे फसले आहेत.

मण्यार पाली, उंदीर, बेडूक आणि दुसरे सापसुद्धा खाते. त्यांच्या मागावर ती कुडाच्या फटीतून, दाराखालून, मोरीच्या भोकातून आत येते. माणसाला चावावे म्हणून ती येत नाही. आपण झोपेत कूस बदलतो, हात टाकतो, ती अंगाखाली किंवा कुशीत सापडते आणि चावते. हे बहुतेक मध्यरात्र ते पहाट या वेळात घडते. दंश इतका सूक्ष्म की कित्येकांना जागही येत नाही. डास चावला असेल, मुंगी असेल, एवढेच वाटते. सूज नाही, रक्त नाही, कधीकधी दाताची खूणही सापडत नाही.

मग पहाटे पोट दुखू लागते. उलटी होते. घरातले म्हणतात, काल सुक्या मासळीचे कालवण बाधले. ओवा देतात. नंतर डोळ्यांच्या पापण्या जड होतात, वर उचलत नाहीत. घसा दुखतो, थुंकी गिळवत नाही. बोलणे अडखळते. मान धरवत नाही. इथपर्यंत येता येता कुणीतरी म्हणतेच, "बाहेरचं काहीतरी लागलंय." आणि श्वास थांबेपर्यंत कुणाच्या तोंडी सापाचे नाव येत नाही.

आपल्याच जिल्ह्यात महाडला सत्तरच्या दशकापासून रुग्ण पाहणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावरच्या उपचाराचे काम जगासमोर नेले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी मण्यार आणि नाग यांच्या दंशांवरही वैद्यकीय नियतकालिकांत लिहिले आहे. मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेतून नव्हे, तर खेड्यातून खाटेवर घालून आणलेल्या माणसांच्या तपासणीतून हे ज्ञान उभे राहिले. म्हणून पावसाळ्यातली गोष्ट घरातल्या प्रत्येक बाईमाणसाने लक्षात ठेवावी: जमिनीवर झोपलेला धडधाकट माणूस पहाटे पोटदुखी आणि उलटी घेऊन उठला आणि त्याच्या पापण्या खाली येऊ लागल्या, तर खूण शोधत बसू नये. साप दिसला नाही तरी मण्यार चावली असे धरूनच दवाखाना गाठावा.

आणखी एक. मण्यारीच्या विषाने माणसाचे डोळे मिटतात, हात हलत नाहीत, पण तो आतून शुद्धीवर असू शकतो, आपले बोलणे ऐकत असतो. कृत्रिम श्वासावर काही दिवस काढले तर असा माणूस पूर्ण बरा होऊन चालत घरी येतो. "गेला" म्हणून रडारड सुरू करण्याआधी हे आठवावे. वाटेत श्वास थांबला तरी तोंडाने श्वास देत राहावे.

अंगुत्तर निकायात, चतुक्क निपातात, भगवंतांनी सापांचे चार प्रकार सांगितले आहेत. एकाचे विष झटकन चढते पण घोर नसते. दुसऱ्याचे घोर असते पण झटकन चढत नाही. तिसऱ्याचे दोन्ही असते, चौथ्याचे दोन्ही नसते. अर्थात तिथे विषय सापाचा नाही, माणसाच्या रागाचा आहे. कुणाचा राग लगेच येतो पण टिकत नाही, कुणाचा सहसा येत नाही पण आला की मुक्काम करतो. पण पाहा, अडीच हजार वर्षांपूर्वी त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या: किती लवकर उसळते आणि किती खोल जाते. आपण या दोन गोष्टी एकच समजतो. उसळणारा तो वाईट, न उसळणारा तो गरीब. माणसांच्या बाबतीतही आपण हीच चूक करतो, पण तो विषय या पानाचा नाही.

सापाच्या स्वभावाच्या गप्पांतून पुढची पायरी येते ती "डूख" धरण्याची. नागाला मारले की नागीण बदला घ्यायला येते, तिने डोळ्यांत फोटो काढून ठेवलेला असतो, वगैरे. सापाचा मेंदू एवढा हिशोब ठेवत नाही. क्वचित त्याच जागी दुसरा साप दिसला तर त्याचे कारण वास असतो, मिलनाच्या दिवसांत मादीच्या वासावर नर येतो. किंवा त्या जागी उंदीर आहेत, हे सर्वांत साधे कारण. पण डूख मानली की मग ती उतरवणारा लागतो, दोष सांगणारा लागतो, शांत करणारा लागतो. 1956 साली दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात बोलताना बाबासाहेबांनी नागपूर का निवडले याचे कारण सांगितले होते. ते नाग म्हणाले ती माणसे होती, बुद्धाचा धम्म पसरवणारे लोक होते. वारुळात दूध ओतण्याशी त्याचा संबंध नाही. आपल्या वाड्यांत आता नागपंचमी होत नाही हे खरे, पण डूख अजून गेली नाही.

पान लागले की (आपल्याकडे "साप चावला" म्हणायलासुद्धा लोक कचरतात) आजही पहिला तास कुठे जातो? कुणीतरी सांगतो, अमक्या गावात उतरवणारा आहे, त्याच्याकडून शंभर बरे झाले. बरे झाले असतीलही. भारतात 300 हून जास्त जातींचे साप आहेत, त्यांतले बहुसंख्य बिनविषारी. विषारी सापही कित्येकदा कोरडाच चावतो, विष सोडत नाही. म्हणजे मांत्रिकाकडे नेलेल्यांपैकी बरेचसे काहीही न करता बरेच होणार होते. जे खरोखर विषबाधेचे होते ते वाटेत गेले, आणि त्यांच्या बाबतीत "उशीर केलात" असे सांगितले गेले. शंभरांची गोष्ट गावभर होते, त्या पाच जणांची होत नाही.

दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, कुत्रा, विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. हे आपल्या वाडीत मोठ्याने वाचून दाखवायला हवे.

आणि इथे आपल्या माणसांना थोडे कडू वाटेल ते लिहितो. मांत्रिक सोडलेल्या काही घरांत त्याच्या जागी परित्राणाचा धागा आला आहे. अहि सुत्ताचा आधार दिला जातो. साप चावून एक भिक्खू मरण पावला तेव्हा भगवंतांनी सर्पकुळांविषयी मैत्री भावना करायला सांगितली, हे त्यात आहे. मैत्री करावी, जरूर करावी. तिने निदान आपल्या हातातली काठी तरी खाली येते. पण ज्या विनयपिटकात भिक्खूंचे नियम आहेत त्याच विनयाच्या महावग्गात साप चावलेल्या भिक्खूला औषध द्यायला परवानगी दिलेली आहे. ते औषध त्या काळाचे होते, शेण-मूत्र-राख-माती असे, आज ते कुणी देऊ नये. पण पाठ करून बसा असे तिथे सांगितलेले नाही, त्या काळात जे औषध माहीत होते ते द्या असे सांगितले आहे. आज माहीत आहे ते औषध म्हणजे प्रतिसर्पविष. धागा बांधून रुग्णाला घरी ठेवला तर आपण मांत्रिक बदलला, बाकी काही बदलले नाही.

प्रतिसर्पविषाबद्दल एक गैरसमज अजून आहे, की साप ओळखल्याशिवाय इंजेक्शन देत नाहीत. म्हणून पोरे साप शोधायला अंधारात काठ्या घेऊन धावतात, आणि दुसराच कुणी चावून घेतो. आपल्याकडे मिळणारे प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकत्रच चालते. डॉक्टर साप पाहून नव्हे, माणूस पाहून ठरवतात. पापण्या, श्वास, सूज पाहतात. थोडे रक्त काचेच्या स्वच्छ कोरड्या नळीत घेऊन 20 मिनिटे न हलवता ठेवतात आणि ते गोठते का पाहतात. गोठले नाही तर घोणस किंवा फुरशाचे विष. याला मोठे यंत्र लागत नाही. साप दिसलाच आणि सहज जमले तर लांबून मोबाईलवर फोटो काढा, तेवढे पुरे.

चावलेल्या जागी ब्लेड मारू नका, चोखू नका, दोरीने आवळून बांधू नका, बर्फ-चुना-पाला काही लावू नका. बांगड्या, अंगठी, पैंजण, घड्याळ काढा, कारण सूज चढते. हात किंवा पाय फळीला बांधून मोडल्या हाडासारखा स्थिर ठेवा. रुग्णाला चालवू नका. 108 ला फोन करा, आणि गाडी यायला उशीर दिसला तर रिक्षा, टेम्पो, मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून, जे असेल त्याने निघा. पेण आणि रोहा दोन्हीकडे उपजिल्हा रुग्णालय आहे, अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे. सरकारी दवाखान्यात हे औषध मोफत आहे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही उपचार सुरू करून मग पुढे पाठवता येते. तो हक्काने मागावा. नुसती चिठ्ठी घेऊन तासाभराच्या प्रवासाला निघण्याआधी, "पहिला डोस इथे देता येईल का आणि पुढे व्हेंटिलेटर कुठे आहे" हे दोन प्रश्न शांतपणे विचारावेत.

साप पकडणाऱ्या आपल्या तरुणांसाठी एवढेच. त्यांतले बरेच जण जीव वाचवतात, रात्री-अपरात्री पदरचे पेट्रोल घालून येतात, त्यांच्याविषयी आदर आहे. पण "ही शांत आहे, काही करत नाही" म्हणत मण्यार उघड्या हातावर घेऊन रील काढणे हा शहाणपणा नाही. साप पकडणे आणि खेळवणे हा 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा तर आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे तो व्हिडिओ पाहणारे दहा वर्षांचे पोर तेच करून पाहते.

आता मूळ मुद्द्यावर येतो. साप चावून कोण मरते? 2000 ते 2019 या वीस वर्षांचा अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात वर्षाला सरासरी 58 हजार माणसे सर्पदंशाने मेली. निम्म्याहून जास्त मृत्यू जून ते सप्टेंबरमध्ये. पाव हिश्श्याहून जास्त 15 वर्षांखालची मुले. बहुतेक मृत्यू ग्रामीण भागात, घरीच. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातले. दुर्लक्षित, कारण तो ज्यांना होतो त्यांच्याकडे दुर्लक्ष असते. केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढला, 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले, आणि त्याच वर्षी राज्यांना सर्पदंशाची नोंद सक्तीची करायला सांगितले. कागद चांगला आहे.

पण सापाचा स्वभाव काहीही असो, तो पलंगावर मच्छरदाणी खोचून झोपलेल्याला क्वचितच चावतो. फरशीची पक्की भिंत, बंद मोरी, घरात संडास, दारात दिवा, पायात बूट, हे ज्यांच्याकडे आहे त्यांच्या घरात मण्यारीचा स्वभाव हा चर्चेचा विषयच होत नाही. तो आपल्या घरांत होतो. आपली वाडी गावाच्या टोकाला, ओढ्याच्या काठाला, कधी स्मशानाच्या वाटेवर. ती जागा आपण निवडलेली नव्हती. गावकुसाबाहेर राहायला लावले तेव्हा साप-विंचवाच्या जागीच राहायला लावले होते. आदिवासी वाड्यांतल्या कातकरी भावांची अवस्था तर आपल्याहूनही उघडी, वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर झोपडीला दारही नसते.

म्हणून वर्षावास सुरू होण्याआधी, म्हणजे आषाढी पौर्णिमेच्या आत, काही गोष्टी व्हाव्यात असे माझे मत आहे. तीन महिने आपण रात्री "बुद्ध आणि त्यांचा धम्म" ऐकायला विहारात जमतो आणि अंधारातून, लहान मुले कडेवर घेऊन परत जातो. नेमका तोच सापाचा हंगाम. विहारातून निघताना प्रत्येक घराकडे बॅटरी हवी. घरी जमिनीवर झोपणे बंद करता आले तर उत्तमच. खाट एकच असेल तर ती कुणाला द्यायची? आपल्याकडे ती कर्त्या पुरुषाला मिळते आणि पोरे-बाया खाली झोपतात. मुलांना द्या. खाट नसेल तर मच्छरदाणी चारही बाजूंनी अंथरुणाखाली घट्ट खोचा, नुसती टांगलेली काही कामाची नाही. लाकूडफाटा, कौलांचा ढीग, कोंबड्यांचे खुराडे भिंतीला लागून नको. मोरीच्या भोकाला जाळी लावा, पन्नास-साठ रुपयांचे काम आहे. लावणी-कापणीला गमबूट मागा, मालकाकडे मागा.

वस्तीसाठी सरकारी पैसा येतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासाची योजना त्यासाठीच आहे, दिवाबत्ती आणि गटारे त्यात बसतात. पण वस्तीच्या ठरावात आपणच काय लिहून देतो ते आठवा. कमान, पेव्हर ब्लॉक, सभामंडप. कमानीखाली लखलखाट असतो, आणि संडासाकडे किंवा ओढ्याकडे जाणाऱ्या वाटेवर काळोख. पुढच्या ग्रामसभेत पहिला दिवा त्या वाटेवर मागा. कमान एक वर्ष थांबेल.

शेवटची गोष्ट पैशाची आहे, पण ती बोलली पाहिजे. सर्पदंशाने शेतकरी मेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेतून घराला दोन लाख रुपये मिळतात. खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातली एक व्यक्ती, असा तिचा नियम. आपल्यापैकी ज्यांच्या नावे सातबारा आहे त्यांना हे माहीतही नसते, त्यांनी तलाठ्याकडे किंवा कृषी सहायकाकडे चौकशी करून तीस दिवसांच्या आत अर्ज करावा. पण जी बाई दुसऱ्याच्या शेतात मजुरीने भात कापते आणि त्याच बांधावर त्याच घोणशीने चावून मरते, तिच्या नावे सातबारा नाही म्हणून तिच्या मुलांना या योजनेतून एक रुपया नाही. जमीन कुणाची हे घोणस पाहत नाही, अर्ज मात्र पाहतो. शेतमजुरांचा या योजनेत समावेश करावा असा ठराव पेण आणि रोहा तालुक्यातल्या प्रत्येक वाडीने ग्रामसभेत मांडावा आणि त्याची प्रत आपल्या आमदारांना द्यावी. ठरावाचा मसुदा लिहून द्यायला वाडीतली कॉलेजची मुले आहेत.